एक किलो पोलाद, एक किलो कोळसा

(नभोवाणीवरील भाषण)

एक किलो लोखंड जड कीं एक किलो कापूस जड, हा प्रश्न आपणांपैकीं प्रत्येकाला लहानपणीं कोणीं तरी घातलेला असेल. माझ्या शिक्षकी पेशांत मीं तो प्रत्येक नव्या वर्गाला घातला, आणि प्रत्येक वर्गांत चारदोन हात "लोखंड" म्हणून मोठ्या आत्मविश्वासानें वर झाले. मुलें फसतात याचें कारण एवढेंच कीं, वजनाचा विचार करतांना तीं नकळत आकाराचा विचार करूं लागतात. आज मी आपणांपुढें याच प्रश्नाचा थोरला भाऊ ठेवणार आहें. एक किलो पोलाद अधिक बळकट कीं एक किलो कोळसा? या प्रश्नाचें उत्तर देतांना नामांकित इंजिनियरही फसले आहेत, आणि त्या फसण्याची किंमत पैशानें व प्राणांनीं मोजावी लागली आहे. म्हणून त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

येथें कोळसा म्हणजे शेगडींतला कोळसा नव्हे. ज्या मूलद्रव्याचा कोळसा मुख्यतः बनलेला असतो त्या कार्बनाचा, माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक असा तंतु मला अभिप्रेत आहे. असे हजारों तंतू एकत्र घेऊन, त्यांना इपॉक्सी नांवाच्या कृत्रिम राळेंत भिजवून, थरावर थर रचून आणि तापवून जो घट्ट पदार्थ तयार होतो, त्याला इंजिनियर लोक 'कार्बन फायबर काँपोझिट' म्हणतात. आपण त्याला कार्बनचा संमिश्र पदार्थ म्हणूं. यांतील तत्त्व मात्र जुनेंच आहे. आपल्याकडील कुडाच्या भिंतींत काड्यांवर माती लिंपतात; काड्या ताण सोसतात आणि माती त्यांना जागच्या जागीं धरून ठेवते. लाकूड हा तर निसर्गानेंच घडविलेला संमिश्र पदार्थ आहे.

आतां बळाचें माप वजनाशीं कसें जोडावयाचें, हें आधीं पाहूं. एखादी तार फार उंचावरून लोंबत सोडली आहे अशी कल्पना करा. तार जितकी लांब करावी तितका तिचा स्वतःचाच भार वाढत जाईल, आणि एका विशिष्ट लांबीला ती आपल्याच भारानें तुटेल. गॅलिलिओनें 1638 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तांब्याच्या तारेविषयीं हाच विचार मांडला आहे. तार जाड असो कीं बारीक असो, ही लांबी बदलत नाहीं. म्हणूनच वजनाच्या मानानें बळ किती, हें तिच्यावरून नेमकें कळतें. बांधकामाच्या साध्या पोलादाची ही लांबी सुमारें 5 किलोमीटर भरते. उत्तम कमावलेलें पोलाद, विमानांत वापरावयाचा अॅल्युमिनियमचा मिश्रधातु आणि टायटॅनियमचा मिश्रधातु या तिघांची लांबी 20 किलोमीटरांच्या आसपास येते. आणि ज्या संमिश्र पट्टींतील सगळे तंतू एकाच दिशेनें मांडलेले आहेत, ती पट्टी 90 किलोमीटरांहून अधिक लांब होईपर्यंत तुटत नाहीं.

ताठपणाची गोष्ट याहूनही चमत्कारिक आहे. पोलाद अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ आहे. पण तें त्याच्या जवळजवळ तिप्पट जडही आहे. टायटॅनियम दोन्ही गुणांत त्यांच्या मध्यें बसतें. ताठपणाला वजनानें भागलें कीं तिघांचेंही उत्तर जवळजवळ एकच येतें. सृष्टीनें नेहमींच्या वापरांतील या धातूंना एकाच ओळींत उभें केलें आहे असेंच म्हणावें लागेल. एका दिशेच्या तंतूंची पट्टी या ओळीच्या तिप्पट पुढें जाते.

हे आंकडे ऐकून कोणालाही वाटेल कीं, निकाल लागला. परंतु 'एकाच दिशेनें' हे दोन शब्द विसरूं नका. लांकूड फोडणारा माणूस कुऱ्हाड कोठें घालतो, हें आपण पाहिलेलें आहे. शिरेच्या बाजूनें घाव घातला तर ओंडका सहज दुभंगतो. आडवा तोडावयाचा तर घाम निघतो. तंतूंच्या पट्टीचेंही तसेंच आहे. तिला आडवें ताणलें तर उभ्या बळाच्या जेमतेम तिसाव्या हिश्श्याइतक्या जोरानेंच ती फाटते, कारण तेथें तंतूचें कांहीं चालत नाहीं. सगळा भार बिचाऱ्या राळेवर पडतो. यावर उपाय म्हणून थर उभे, आडवे आणि तिरपे रचतात. पण मग प्रत्येक दिशेच्या वांट्याला थोडेच तंतू येतात, आणि ताठपणांतील ती तिप्पट आघाडी घसरून धातूपेक्षां पावपट अधिक, एवढीच उरते. धातूला दिशा नसते. त्याला कोठूनही ओढा, त्याचें उत्तर जवळजवळ सारखेंच. या भेदांतच पुढच्या सर्व इतिहासाचें बीज आहे.

त्या इतिहासाचा आरंभ विमानांत नसून दिव्यांत आहे. 1879 सालीं एडिसननें शिवणकामाचा सुती दोरा जाळून त्याचा कार्बन केला आणि तो आपल्या विजेच्या दिव्यांत लावला. पुढें त्यानें जपानी बांबूच्या तंतूचा उपयोग केला. मनुष्यानें हेतुपुरस्सर तयार केलेल्या पहिल्या कार्बन तंतूंपैकीं हे होत. परंतु ते ठिसूळ होते; त्यांचें काम उजेड देण्याचें, ओझें वाहण्याचें नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं टंगस्टन या धातूची तार आली आणि कार्बनला दिव्यांतून निघावें लागलें. पहिली फेरी धातूनें जिंकली.

दुसरी फेरीही धातूचीच झाली. राइट बंधूंचें 1903 सालचें विमान स्प्रूस लांकडाचें आणि कापडाचें होतें. 1906 सालीं जर्मनींत आल्फ्रेड विल्म हा संशोधक अॅल्युमिनियममध्यें थोडें तांबें व मॅग्नेशियम मिसळून तें तापवून थंड करण्याचे प्रयोग करीत होता. थंड केलेला तुकडा नुसता पडून राहिला, तर कांहीं काळानें तो आपोआप कठीण होतो, असें त्याला आढळून आलें. हाच पुढें 'ड्यूरॅल्युमिन' नांवानें प्रसिद्ध झालेला मिश्रधातु. तो आधीं झेपेलिन हवाई जहाजांच्या सांगाड्यांत गेला आणि मग विमानांत. 1935 सालीं डीसी-3 हें विमान उडालें, तोंवर प्रवासी विमान म्हणजे चकचकीत धातूचें विमान, हें समीकरण लोकांच्या मनांत पक्कें झालें होतें.

या विजयी धातूला एक गुप्त रोग होता. 1952 सालीं इंग्लंडच्या 'कॉमेट' या पहिल्या जेट प्रवासी विमानाची सेवा सुरू झाली. 10 जानेवारी 1954 रोजीं त्यांपैकीं एक विमान एल्बा बेटाजवळ आकाशांतच फुटलें. 8 एप्रिल रोजीं दुसरें नेपल्सच्या दक्षिणेस समुद्रांत गेलें. फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं एक आख्खें कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकींत ठेवलें आणि त्याच्या अंगांत पुन्हां पुन्हां पाण्याचा दाब भरून व काढून उड्डाणांची नक्कल केली. सगळीं उड्डाणें मिळून संख्या तीन हजारांच्या पुढें गेली, तेव्हां त्याचें अंग फाटलें. धातूला थकवा येतो. एका वेळीं जो ताण तो हंसत सोसतो, तोच हजारों वेळां दिला असतां त्यांत सूक्ष्म चीर पडते आणि ती चीर वाढत जाते. दगा ज्या पत्र्यानें दिला, तो बळांत कमी नव्हता. त्याच्या बळाची एक बाजू मोजावयाची राहून गेली होती.

याच सुमारास कार्बन पुन्हां रंगभूमीवर येऊं लागला. 1958 सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंडजवळ युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेंत रॉजर बेकन हा तरुण शास्त्रज्ञ प्रचंड दाबाखालीं विजेच्या ज्योतींत कार्बन तापवीत असतां त्याला ग्रॅफाइटचे केसासारखे बारीक तंतू वाढलेले दिसले. त्यांचें बळ पोलादाच्या कितीतरी पट भरलें. 1961 सालीं जपानांत ओसाका येथील सरकारी संशोधनसंस्थेचे आकिओ शिंदो यांनीं याहून व्यवहार्य वाट दाखविली. ज्या अॅक्रिलिक धाग्याचे स्वेटर विणतात, त्याच जातीच्या धाग्यापासून त्यांनीं कार्बन तंतु काढला. आणि 1963-64 च्या सुमारास फार्नबरोच्याच संस्थेंत, जेथें कॉमेटच्या मृत्यूचें कारण सांपडलें तेथेंच, विल्यम वॉट, लेस्ली फिलिप्स आणि जॉन्सन यांना या विद्येची एक मोठी किल्ली सांपडली. धागा हवेंत दोनतीनशें अंशांवर भाजतांना आकसूं पाहतो. त्या वेळीं त्याला ताणून धरावें. मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टींत हजार अंशांहून अधिक तापवावें. बाकीचीं द्रव्यें निघून जातात, वजन जवळजवळ निम्मे उरतें, आणि कार्बनचे अणु तंतूच्या लांबीच्या दिशेनें ओळीनें बसतात. बळ येतें तें या शिस्तीमुळें. ज्यांनीं धातूचा थकवा पाहिला होता, त्यांच्याच संस्थेनें धातूला प्रतिस्पर्धी निर्माण केला.

आतां त्या प्रसिद्ध अपयशाकडे वळूं. मार्च 1968 मध्यें रोल्स-रॉइस या इंग्लिश कंपनीनें लॉकहीडच्या 'ट्रायस्टार' विमानासाठीं आरबी 211 नांवाचें इंजिन पुरविण्याचा करार मिळविला. इंजिनाच्या तोंडाशीं दोन मीटरांहून अधिक व्यासाचा पंखा होता, आणि त्याचीं पातीं 'हायफिल' या कार्बनच्या संमिश्र पदार्थाचीं करावयाचें ठरलें. विचार वाईट नव्हता. फिरतें पातें बाहेरच्या बाजूला प्रचंड जोरानें ओढलें जातें. पातें हलकें झालें कीं त्याला धरून ठेवणारी चकती हलकी होते, आणि चकतीला धरणारे भागही हलके होतात. शिवाय हा ओढा पात्याच्या मुळापासून टोंकाकडे, म्हणजे लांबीच्याच दिशेनें असतो. तंतूला नेमकें हेंच काम आवडतें. कागदावरचा हिशेब बिनचूक होता.

पण आकाशांत पांखरेंही असतात. म्हणून अशा इंजिनाची एक ठरलेली परीक्षा असते: चालत्या पंख्यावर मेलेली कोंबडी तोफेसारख्या नळींतून मारावयाची. मे 1970 मध्यें सुमारें चार पौंड वजनाची कोंबडी त्या पंख्यावर आदळली आणि कार्बनच्या पात्यांच्या चिंधड्या उडाल्या. पांखराचा आघात लांबीच्या दिशेनें येत नाहीं, तो आडवा येतो. टायटॅनियमचें पातें अशा वेळीं वांकतें, पोचा घेतें आणि वांकतां वांकतां आघाताची शक्ति पिऊन टाकतें. तंतूला वांकून राहणें ठाऊक नाहीं. तो शेवटपर्यंत सरळ राहतो, मग एकदम तुटतो, आणि थरांना बांधणारी राळ फांकून थर सुटे होतात. कंपनीला टायटॅनियमकडे परत जावें लागलें.

4 फेब्रुवारी 1971 रोजीं रोल्स-रॉइसचें दिवाळें जाहीर झालें आणि ब्रिटिश सरकारला ती कंपनी राष्ट्राच्या मालकीची करून वांचवावी लागली. या पात्यांनींच ती बुडविली असें म्हणणें अन्यायाचें होईल. ठरवून दिलेली किंमत आणि हाताबाहेर गेलेला इंजिनाचा खर्च हीं कारणें मोठीं होतीं. पण पात्यांवर गेलेला वेळ आणि पैसा हा त्या ओझ्यांतील एक जड दगड होता, यांत शंका नाहीं. गंमत अशी कीं, तेंच इंजिन टायटॅनियमचीं पातीं लावून 1972 सालीं सेवेंत आलें आणि पुढें अत्यंत नांवाजलें.

कार्बननें यानंतर कांहीं काळ नम्रपणें काढला. 1971 सालीं जपानच्या तोरे कंपनीनें त्याचें व्यापारी उत्पादन सुरू केलें आणि थोड्याच वर्षांत तो मासे धरण्याच्या काठ्यांत व गोल्फच्या दांड्यांत जाऊन बसला. तेथें तो मोडला तरी कोणाचा प्राण जात नव्हता. या काळांत इंजिनियरांनीं त्याचा स्वभाव ओळखून घेतला. फार्नबरोपासून तीस वर्षांनीं, 1995 सालीं, जनरल इलेक्ट्रिकचें जीई 90 हें इंजिन प्रवासी विमानांत सेवेला लागलें. त्याच्या पंख्याचीं पातीं कार्बनच्या संमिश्र पदार्थाचीं आहेत. मात्र जेथें पांखराचा पहिला ठोसा बसतो, त्या पुढच्या धारेवर टायटॅनियमचें कवच चढविलेलें आहे. ज्या कोड्यापुढें 1970 सालीं हात टेकावे लागले, त्याचें उत्तर दोघांच्या भांडणांत नव्हतें. आंत तंतु आणि धारेवर धातु, अशा संसारांत तें होतें.

15 डिसेंबर 2009 रोजीं बोइंग 787 हें विमान प्रथम उडालें आणि 2011 सालीं प्रवाशांच्या सेवेंत आलें. त्याच्या सांगाड्याच्या वजनांत निम्मा वांटा संमिश्र पदार्थांचा आहे. अॅल्युमिनियम 20 टक्के, टायटॅनियम 15 टक्के आणि पोलाद 10 टक्के. कॉमेटचा पत्रा ज्या दाबाच्या चढउतारानें थकला, त्याला हें अंग पुष्कळ अधिक दाद देत नाहीं. म्हणूनच इतर विमानांत आंतली हवा 8,000 फूट उंचीवरल्याइतकी विरळ होऊं देतात, ती येथें 6,000 फुटांच्या उंचीइतकीच ठेवतां येते, आणि प्रवासी कमी शिणतो. तथापि याच विमानानें नवीं बंधनेंही दाखविलीं. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून ठेवले तर दमट हवेंत अॅल्युमिनियम झिजतें, म्हणून जोडाच्या जागीं महाग टायटॅनियम घालावें लागतें. वीज कोसळली तर धातूचें अंग ती सहज वाहून नेतें. कार्बनच्या अंगावर त्यासाठीं धातूची बारीक जाळी बसवावी लागते. आपल्या देशाच्या 'तेजस' या लढाऊ विमानानें 4 जानेवारी 2001 रोजीं पहिलें उड्डाण केलें. त्याच्या सांगाड्यांतही या पदार्थांचा वांटा मोठा आहे.

इतकें शिकूनही माणूस पुन्हां चुकतो. 18 जून 2023 रोजीं अटलांटिक महासागरांत 'टायटॅनिक' जहाजाचे अवशेष पाहण्यास निघालेली 'टायटन' ही लहान पाणबुडी दबून चिरडली गेली आणि आंतील पांचही जणांचा अंत झाला. तिचें मधलें नळकांडें सुमारें पांच इंच जाडीच्या कार्बनच्या संमिश्र पदार्थाचें होतें आणि दोन्ही टोंकें टायटॅनियमचीं होतीं. अवशेष सुमारें 3,800 मीटर खोल आहेत. तेथें पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या पावणेचारशें पटींहून अधिक असतो. आणि हा दाब आंत चेपणारा असतो. तंतु म्हणजे दोर. दोर ओढला तर बळकट, ढकलला तर तो वांकूं पाहतो, आणि त्याला सरळ धरून ठेवण्याचें काम राळेवर येतें. चौकशींत त्या नळकांड्याच्या घडणींत सुरकुत्या व पोकळ्या असल्याचें आणि थर सुटल्याचें आढळून आलें. त्या पाणबुडीला स्वतंत्र तपासणीसंस्थेचें प्रमाणपत्रही नव्हतें. 1960 सालीं महासागराच्या सर्वांत खोल जागीं उतरलेल्या 'त्रिएस्ते'च्या माणसांचा गोल पोलादाचा होता, आणि 6,000 मीटर खोलीसाठीं योजलेल्या आपल्या 'मत्स्य 6000' साठींही टायटॅनियमच्या मिश्रधातूचाच गोल निवडलेला आहे. तेथें हलकेपणाच्या मोहाला जागा नाहीं.

मग हलकेपणाचा हा सारा खटाटोप कशासाठीं, असें आपण विचाराल. त्याला मी एक छोटी हकीकत सांगून उत्तर देतों. ती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनीं स्वतःच सांगितलेली आहे. हैदराबादला क्षेपणास्त्रांच्या प्रयोगशाळेंत तेथील निझाम वैद्यकीय संस्थेचे एक अस्थितज्ज्ञ आले. त्यांनीं कार्बनचा एक नमुना हातांत घेतला, त्याचा हलकेपणा पाहून ते चकित झाले, आणि त्यांनीं डॉ. कलामांना आपल्या रुग्णालयांत नेलें. तेथें पायांत बळ नसलेलीं लहान मुलें तीन किलोंहून जड अशा धातूच्या आधारपट्ट्या पायांना बांधून पाय फरफटत चालत होतीं. तीन आठवड्यांत प्रयोगशाळेनें त्या मुलांसाठीं सुमारें 300 ग्रॅमच्या पट्ट्या तयार केल्या. पांच इंच जाडीच्या त्या नळकांड्यापुढें ही वस्तु केवढीशी! पण हलकेपणा कोठें खर्चावा, हें या तीनशें ग्रॅमांनीं जितकें स्पष्ट सांगितलें तितकें दुसऱ्या कशानेंही सांगितलें नसेल.

आतां आपल्या स्वयंपाकघरांत या. पितळेचा तांब्या हातांतून पडला तर त्याला पोचा येतो. तांबट तो ठोकून सरळ करतो. अगदींच निकामी झाला तर मोडींत जातो, वितळतो आणि पुन्हां भांडें होऊन परत येतो. संमिश्र पदार्थाला हें भाग्य नाहीं. त्याच्यावर आघात झाला तर बाहेरून सुरकुतीही दिसत नाहीं, आणि आंत थर सुटलेले असतात. ते शोधण्यास ध्वनिलहरींचीं यंत्रें लागतात. तो एकदां बनला कीं वितळत नाहीं, म्हणून जुन्या विमानांच्या पंखांचें करावयाचें काय, हा प्रश्न कारखानदारांना भेडसावीत आहे. धातु आपल्या अज्ञानाला पुष्कळशी क्षमा करतो. वांकून, पोचा घेऊन तो आधीं इशारा देतो. तंतु क्षमा करीत नाहीं. त्याच्यापासून चौपट काम घ्यावयाचें, तर त्याच्याविषयींचें ज्ञानही चौपट हवें.

म्हणून, श्रोतेहो, एक किलो पोलाद बळकट कीं एक किलो कोळसा, असें उद्यां आपल्या घरांतील मुलानें विचारलें, तर घाईनें हात वर करूं नका. त्यालाच उलट विचारा: ओढ कोणत्या दिशेची आहे? ओझें ताणणारें आहे कीं चेपणारें? धक्का आडवा बसला तर काय होईल? आणि तुटावयाचेंच झालें, तर तें आधीं सांगून तुटेल काय? हे चार प्रश्न ज्या दिवशीं विचारले गेले त्या दिवशीं पातीं टिकलीं आणि मुलें चालूं लागलीं. ते विचारावयाचे राहिले त्या दिवशीं काय झालें, तें आपण आतांच ऐकलें आहे.